चाक फिरते, चित्र अडते



सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. तिवसा तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावून आम्ही बैठक घेतली. पऱ्हाटी पाते-फुलावर होती आणि कामगंध सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसू लागले होते. पाऊणशे माणसे जमली. एक कीटकशास्त्रज्ञ अकोल्याहून मोबाइलवर थेट बोलणार होते आणि त्यांचे चित्र आम्ही चादरीवर दाखवणार होतो.

पहिली दहा मिनिटे सुरळीत गेली. सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असे समजा, इथवर सगळ्यांना नीट ऐकू आले. मग चादरीवरचा पतंग धूसर झाला. बोंडातली अळी आणि बोंडावरचा डाग यांत फरक दिसेना. शेवटी चित्र थांबले आणि मधोमध ते चाक फिरू लागले. आवाज तुटत होता. औषधाचे प्रमाण सांगायला आणि आवाज जायला एकच गाठ पडली. मागच्या ओळीतले एक म्हातारे कास्तकार उठून म्हणाले, "भाऊ, हे तं नुसतं गोल गोल फिरून रायलं. पंपाले दहा म्हनले का तीस?"

कोणी हसले नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कोणी विसरलेले नाही. आम्ही यंत्र बंद केले, औषधाच्या डब्यावरचे माहितीपत्रक मागवले आणि ते मोठ्याने वाचून दाखवले. बैठक पार पडली, पण प्रश्न मनात राहिला. सिनेमा अडला तर फार तर करमणूक बुडते. सल्ला अडला तर हंगाम बुडतो, कधी माणूसही जातो. मग हे चित्र अडते कुठे, आणि दोष कोणाचा?

दुसऱ्या दिवशी आम्ही संबंधित कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितले, "सर, आपल्या भागात नेटवर्क उत्तम आहे." एवढे उत्तम होते तर चाक कशाला फिरले? म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. विषय तांत्रिक दिसतो, पण ज्याने डीपी, कालवा आणि ग्रेडर पाहिला त्याला तो अवघड नाही.

दूरदर्शनचे वेगळे, मोबाइलचे वेगळे

आपल्यापैकी अनेकांनी 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिला आहे. त्या काळी मनोरा एकदा लहरी सोडायचा. गावात एक टीव्ही असो की शंभर, चित्र तेच राहायचे. पाऊस सगळ्यांच्या वावरावर एकदम पडतो तसे ते होते. शेजाऱ्याने टीव्ही लावला म्हणून आपल्या चित्राचे काही बिघडत नव्हते.

मोबाइलचे तसे नाही. इथे प्रत्येकाच्या फोनला स्वतंत्र धार लागते. एकाच गावातले पन्नास जण एकच व्हिडिओ पाहत असले तरी मनोऱ्यावरून त्याच्या सहसा पन्नास धारा सुटतात. म्हणजे ही डीपीची गत झाली. एका डीपीवर पाच मोटारी असल्या तर पाणी धो धो येते. वीस मोटारी लागल्या की दाब पडतो, मोटार गुरगुरते, पाणी चढत नाही. डीपी जळालेली नसते. तिच्यावर भार जास्त असतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात, वावरातून माणसे घरी आली की मनोऱ्याचे हेच होते. आमची बैठकही त्याच वेळेला होती.

मनोरा दूर असला की आणखी एक भानगड असते. कमी कंपनाच्या लहरी, म्हणजे ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या शिरतात. जास्त कंपनाच्या लहरींवर माल जास्त वाहता येतो, पण त्यांचा पल्ला कमी. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि तरी व्हिडिओ चालत नाही, याचे कारण इथे आहे. दांड्या सांगतात मनोऱ्याचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते. मनोऱ्याकडे तुमच्या वाट्याला किती माल शिल्लक आहे, ते त्या सांगत नाहीत.

चित्राचा ग्रेडर

आता चित्र धूसर का होते ते पाहू. इंटरनेटवरचा व्हिडिओ एकसंध नसतो. त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा चार-सहा प्रतींत तयार ठेवलेला असतो: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८०. हे आकडे चित्रातल्या आडव्या ओळींचे आहेत. ओळी जास्त तर चित्र स्वच्छ, पण वजनही जास्त. फोन प्रत्येक तुकडा किती वेळात आला ते मोजतो आणि पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा मागायचा ते ठरवतो. पुढचे काही तुकडे तो कणगीत भरून ठेवतो. आवक मंदावली की आधी प्रत उतरवतो. तरीही कणगी रिकामी झाली की चाक फिरते.

१९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत ग्रेडर आपल्या कापसाची प्रत उतरवायचा, ते आपण भोगले आहे. पण तिथे निदान पावतीवर ग्रेड लिहिलेला असायचा. त्यावर भांडता यायचे. इथे आपल्याला कोणती प्रत मिळाली याची पावती कोणी हातात देत नाही. पैसे पूर्ण, माल उतरता आणि पावती कोरी, असा हा व्यवहार आहे.

आमच्या बैठकीत कणगीसुद्धा नव्हती. आधी भरून ठेवलेला व्हिडिओ पुढचे तुकडे साठवू शकतो. थेट संभाषणात पुढचे शब्द अजून बोललेलेच नसतात, मग साठवणार काय? म्हणून थेट बोलणे सगळ्यात आधी तुटते. त्याला वेग तर लागतोच, शिवाय तो वेग सारखा राहावा लागतो.

हिशेब पाहा. यूट्यूब स्वतः सांगते की ३६० च्या चित्राला सेकंदाला ०.७ मेगाबिट वेग लागतो, ४८० ला १.१, ७२० ला २.५ आणि १०८० ला ५. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. पूर्वी सेकंदाला ५१२ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड म्हणत, आता किमान २ मेगाबिट. म्हणजे सरकारी व्याख्येत जे जेमतेम बसते त्यावर ४८० चे चित्र निघेल, ७२० चे निघणार नाही. दिवसाला दीड जीबीचे पॅक घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे: एक बाइट म्हणजे आठ बिट. ७२० च्या प्रतीने पाहिले तर दीड जीबी सुमारे ८० मिनिटांत संपते, ३६० ने पाहिले तर पावणेपाच तास पुरते. पॅक संपल्यावर अनेक योजनांत वेग ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने ३६० च्या प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ यायला ११ मिनिटे लागतात. त्याला इंटरनेट चालू आहे असे म्हणणे म्हणजे थेंब थेंब पडणाऱ्या नळाला पाणीपुरवठा म्हणणे.

पाट कुठे फुटला?

मनोरा हे फक्त शेवटचे टोक. मनोऱ्याच्या मागे माल आणणारा पाट असतो. तो जमिनीतल्या काचेच्या तारेचा असेल तर उत्तम. तार नसेल तर एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर लहरींनी माल फेकतात, आणि त्याची मर्यादा लवकर येते. मनोऱ्यावर फाइव्ह-जीची पाटी लागली पण मागचा पाट अरुंदच राहिला, तर टोकाच्या माणसाला काय मिळणार? ऊर्ध्व वर्धाच्या कालव्याच्या टोकाला ज्यांची जमीन आहे त्यांना हे विचारा. सिंभोऱ्याला धरण भरलेले असते, नकाशावर कालवा असतो, आणि टोकाच्या वावरात पाणी पोचत नाही.

पाट भक्कम असला तरी आणखी एक जागा उरते: एका कंपनीचे जाळे जिथे दुसऱ्याच्या जाळ्याला जोडलेले असते ते फाटक. अमेरिकेत हे उघड्यावर आले. २०१३ च्या अखेरीस कॉमकास्ट या कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्सचे चित्र खराब दिसू लागले. ग्राहकाची तार ठीक होती आणि नेटफ्लिक्सची यंत्रेही ठीक होती. गर्दी होती ती दोघांच्या फाटकावर. फाटक रुंद करण्याचा खर्च कोणी करायचा यावर दोघे अडून बसले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने पैसे द्यायचे कबूल केले आणि चित्र सुधारले. जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग लागावी, आणि आतले म्हणावेत आमचे यंत्र चालू आहे, बाहेरचे म्हणावेत आमचा कापूस तयार आहे, तशातला हा प्रकार.

भांडण इथेही आहे. गेली काही वर्षे आपल्या देशातल्या दूरसंचार कंपन्यांची संघटना मागणी करते आहे की मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माल तुमचा, रस्ता आमचा. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही, कारण जाळे फुकट उभे राहत नाही. पण व्हिडिओ मागवतो कोण? आपण. रिचार्ज करून रस्त्याचे भाडे देतो कोण? आपणच. एकाच मालावर शेतकऱ्याकडूनही आडत आणि व्यापाऱ्याकडूनही आडत, हा धंदा आपल्या ओळखीचा आहे. दक्षिण कोरियात असे शुल्क महाग पडते म्हणून ट्विच या व्हिडिओ कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देशच सोडला. बोजा शेवटी पाहणाऱ्यावर पडला.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र चांगली घडलेली आहे. २०१५ साली काही ठरावीक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैशाने, अशा योजना पुढे आल्या. त्याविरुद्ध दहा लाखांवर लोकांनी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, पत्रे धाडली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. २०१८ साली केंद्र सरकारने जाळ्यावर भेदभाव करायचा नाही हे तत्त्व मान्य केले. आज रस्त्याचा मालक आणि मालाचा मालक एकाच घरातले असू शकतात. अशा वेळी विद्यापीठाचा बोंडअळीचा व्हिडिओ आणि कंपनीच्या घरचा क्रिकेटचा सामना यांना रस्ता सारखाच मिळाला पाहिजे. तो नियम टिकवणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.

हरिसालचा धडा

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मेळघाटातल्या हरिसालला राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून डोंगरात इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग तिथे झाला, आणि कल्पना वाईट नव्हती: त्या लहरी लांब जातात, झाडाझुडपांतून वाट काढतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत याच हरिसालचे चित्र सभांतून दाखवले आणि सोयी चालत नाहीत असा आरोप केला. सत्ताधाऱ्यांनी तो खोडून काढला. कोण किती खरे, यात आम्ही पडत नाही. आम्हाला धडा वेगळा दिसतो. यंत्र बसवले त्या दिवसाचा फोटो निघतो. ते रोज किती तास, किती वेगाने चालले याची नोंद गावाच्या हातात नसते. ती असती तर दोन्ही बाजूंना व्हिडिओ लावायची गरजच पडली नसती. गावाने वही पुढे केली असती.

पैसे आपण आधीच दिले आहेत

कंपन्या म्हणतात, खेड्यात माणसे विरळ, मनोरा परवडत नाही. हिशेबाने ते खरे आहे. पण त्याच हिशेबासाठी २००२ पासून एक निधी आहे. कंपन्यांच्या दूरसंचार महसुलातले ५ टक्के त्यात जमा होतात, आणि हा महसूल म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जचा पैसा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी असे झाले. खेड्यापाड्यांतली, न परवडणारी सेवा द्यायची ती या निधीतून. म्हणजे आम्ही खैरात मागत नाही. शंभराच्या रिचार्जमागे सुमारे चार रुपये, एवढा वाटा भरून आम्ही माल मागतो आहोत.

भारतनेट ही त्याच निधीतली योजना. ऑक्टोबर २०११ मध्ये ती वेगळ्या नावाने मंजूर झाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० मेगाबिटची काचेची तार न्यायची, असा तिचा उद्देश होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आधीची तार बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत होती. वाटेत एका जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावे बंद. सुधारित आराखड्यात तार वर्तुळात न्यायची आहे, म्हणजे एकीकडून तुटली तर माल दुसरीकडून फिरून येईल. शिवाय देखभालीची तरतूदही त्यात आहे. तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीने 'तार आली का' एवढेच विचारून थांबू नये. 'वर्तुळात आहे की रेषेत, देखभाल कोणाकडे, आणि शाळा-दवाखान्याला जोडणी कधी' हेही विचारावे.

सरासरीचा खेळ

पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी आपल्याला कशी मारते ते नव्याने सांगायला नको. माझे वावर कोरडे, पण मंडळाची सरासरी बरी, म्हणून भरपाई नाही. मोबाइलच्या दर्जाचेही बरीच वर्षे तेच चालले. मोजमाप अख्ख्या महाराष्ट्र-गोवा परिमंडळाचे, तेही तिमाही सरासरीने. पुण्याचा वेग आणि धारणीचा वेग एका पोत्यात भरला की सरासरी नियमात बसते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे नवे दर्जा-नियम लागू झाले. माल पोचायला लागणारा उशीर आणि वाटेत गळणारे तुकडे या दोन्हींची मर्यादा त्यात आहे, आणि कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर लावायचे आहेत. जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद पडली तर ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूदही आहे. पाऊल चांगले आहे. पण भरपाईचे माप जिल्हा! अमरावती शहर चालू आणि आपल्या भागातली चार गावे दहा दिवस बंद, तर भरपाई शून्य. म्हणून आमची पहिली मागणी: भरपाईचे माप जिल्हा नव्हे, मनोरा धरा. दुसरी: जाहिरातीत वेग 'अमुक पर्यंत' असे न लिहिता संध्याकाळी आठ वाजता किमान किती मिळेल ते लिहा. बियाण्याच्या जाहिरातीतल्या 'एकरी इतक्या क्विंटलपर्यंत' या 'पर्यंत'ने आपले घर किती वेळा बुडवले ते आपल्याला ठाऊक आहे. तिसरी मागणी कृषी खात्याला आणि विद्यापीठांना: प्रत्येक सल्ल्याचा व्हिडिओ हलक्या प्रतीतही द्या, औषधाचे प्रमाण तोंडाने दोनदा उच्चारा, आणि तेच प्रमाण मराठीत छापून कागदावर द्या.

हे सगळे हौसेसाठी नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आहे आणि वावरातला फोटो चढवावा लागतो. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस विकायचा तर ॲपवर नोंदणी आली. सरकारने कचेरीचे दार मोबाइलमध्ये नेले. मग त्या दारापर्यंत रस्ता देणेही सरकारचेच काम आहे. रस्ता नसेल तर ऑफलाइन नोंदणीची खिडकी उघडी ठेवा, ही चौथी मागणी.

आपण काय करायचे

तक्रार करताना 'नेट चालत नाही' एवढ्याने भागत नाही. तलाठ्याला 'पीक गेले' म्हणून चालत नाही, गट नंबर आणि क्षेत्र द्यावे लागते. तसेच इथे.

एक. प्रत्येक गावात दोन पोरा-पोरींनी वही घालावी. ट्रायचे 'मायस्पीड' ॲप घेऊन महिनाभर रोज सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता, एकाच जागेवरून वेग मोजून लिहावा. सकाळी वेग चांगला आणि रात्री पडत असेल तर मनोऱ्यावर किंवा मागच्या पाटावर भार आहे. तिन्ही वेळा वाईट असेल तर मनोरा दूर आहे किंवा पाटच अरुंद आहे. वेग चांगला पण एकाच ठिकाणचे व्हिडिओ अडत असतील तर फाटकाचा किंवा त्या व्हिडिओ कंपनीचा संशय घ्यावा. आणि शेजारच्या फोनवर तीच कंपनी नीट चालत असेल तर आधी आपला फोन तपासावा. दोष आपल्या घरात असेल तर तोही मान्य केला पाहिजे.

दोन. १९८ वर तक्रार करून तक्रार क्रमांक वहीत लिहावा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे.

तीन. जिथे दुसऱ्या कंपनीचा वेग वहीत चांगला निघेल तिथे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी, आणि एकट्याने नव्हे, गावाने मिळून बदलावी. एक गिऱ्हाईक गेले तर कंपनीला पत्ता लागत नाही, दोनशे गेले तर लागतो.

चार. तोवर हंगाम थांबणार नाही. सल्ल्याचे व्हिडिओ रात्री अकरानंतर किंवा पहाटे, वेग मोकळा असताना, फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि बैठकीत तिथूनच दाखवावेत. औषधाचे प्रमाण मात्र कोणत्याही चित्रावरून घ्यायचे नाही. ते डब्यावरच्या माहितीपत्रकावरून, चष्मा लावून, दोघांनी वाचूनच घ्यायचे.

त्या रात्री विचारणाऱ्या आजोबांना आम्ही उत्तर देऊ शकलो, कारण डबा हाताशी होता. दरवेळी तो असेलच असे नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही आणावी. तीस गावांच्या तीस वह्या टेबलावर पडल्या म्हणजे 'आपल्या भागात नेटवर्क उत्तम आहे' हे वाक्य कोण उच्चारतो ते आपण समोरासमोर पाहू.